कडक भाकरी आणि शेंगा चटणी, सोलापूर : फायरमनच्या डब्याला लावून बघितलेली

स्टार आधीच सांगून टाकतो, ज्यांना वेळ नाही ते इथूनच मोकळे. ज्वारीची कडक भाकरी साडेचार, बाजरीची चार, शेंगा चटणी साडेतीन (तिच्याशी माझं भांडण आहे, खाली येतंच), आणि पॅकिंगला दोन, ते पण दुकानातल्या बायका बोलायला चांगल्या आहेत म्हणून, नाहीतर एकच दिला असता.

दुकान म्हणजे तसं दुकान पण नाही वो. स्टेशनकडून गावात येताना एका बोळात जुन्या घराची पुढची खोली आहे, दारात फळी, फळीवर पाकिटं, आणि आतल्या खोलीत तीन बाया थापतायत, भाजतायत. बोर्ड नाही. पाकिटावर नुसतं कडक भाकरी एवढंच छापलंय. सोलापुरात अशी घरं बरीच आहेत, त्यामुळं हा रिव्ह्यू एका दुकानाचा म्हणून वाचा नाहीतर कडक भाकरी कशी तपासून घ्यावी म्हणून वाचा, माझं काही म्हणणं नाही.

आता मी कोण भाकरीला मार्क देणारा. मी १९७५ साली, एकविसाव्या वर्षी, सोलापूरच्या लोको शेडमध्ये, म्हणजे वाफेची इंजिनं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या जागेत, इंजिन क्लीनर म्हणून लागलो. आदल्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा तो मोठा संप होऊन गेलेला, शेडमध्ये दोन माणसं भेटली की तीच चर्चा. आधी काही महिने इंजिनाच्या पोटाखाली शिरून कॉटन वेस्टनं (टाकाऊ सुतानं) तेल-काजळी पुसायची, मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन, म्हणजे इंजिनात फावड्यानं कोळसा मारणारा, आणि कामाची सगळी सुरुवातीची वर्षं मालगाडीवर गेली. तेव्हा आमचं डिव्हिजन साउथ सेंट्रल रेल्वेत होतं, २ ऑक्टोबर १९७७ ला परत सेंट्रल रेल्वेत आलं, म्हणजे कागदावरचे शिक्के बदलले, कोळशातली राख होती तेवढीच राहिली. पुढं डिझेल आलं आणि फावडं सुटलं ते सुटलंच. पण कडक भाकरीचा आणि माझा संबंध त्या फावड्यापासनंच आहे, म्हणून हे पाल्हाळ.

मालगाडीला टाइमटेबल नसतं हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पॅसेंजर, एक्सप्रेस, मेल सगळ्यांना पुढं सोडून झालं की मग आपला नंबर. सोलापूर ते वाडी अंतर किती, दीडशे किलोमीटरच्या आसपास, आज दोन-अडीच तासात माणूस जाऊन पोचतो. आम्ही रात्री दोनला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी सुद्धा बोरोटी नाहीतर दुधनीच्या लूपमध्ये (दुसऱ्या गाड्यांना वाट द्यायच्या बाजूच्या रुळावर) उभे असायचो, पुढून क्रॉसिंग, मागून ओव्हरटेक, आणि सिग्नल आपला लालच. येताना शहाबाद-वाडीकडचं सिमेंट आणि फरशी, म्हणजे लोड जड, ती गाडी एकदा उभी राहिली की परत उचलायला इंजिनाच्या आणि आमच्या दोघांच्याही नाकी नऊ.

तर डबा किती जेवणांचा न्यायचा हे कुणालाच माहीत नसायचं. कॉल बॉय, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं आणणारा, रात्री दारावर काठी आपटून जायचा, रजिस्टरवर सही घ्यायचा, आणि तेवढ्यात आई उठून डबा भरायची. लाइनवर न्यायची आमची पत्र्याची पेटी असायची, तिला लाइन बॉक्स म्हणायचे, त्यात कपडे, कंदील, वाटी-तांब्या, पीठ-मीठ सगळं. मऊ भाकरी मी दोनदा नेली. मे महिन्यातला सोलापूरचा उन्हाळा, त्यात पुढ्यात फायरबॉक्स, म्हणजे इंजिनाची भट्टी, संध्याकाळपर्यंत एका बाजूनं वाळून चामडं झाली आणि दुसऱ्या बाजूला आंबूस वास. पोळीचं तर नावच काढू नका. तिसऱ्या वेळेला आईनं न विचारता दहा-बारा कडक भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, सोबत शेंगा चटणीची डबी आणि दोन कांदे, आणि त्यानंतर डब्याचा विषयच मिटला.

म्हणून माझी परीक्षा साधी आहे. कडक भाकरी एका हातानं मोडता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काहीतरी असतंच. मोडली की टक् आवाज आला पाहिजे. तोंडात दोन घोट पाण्याबरोबर विरघळली पाहिजे, दाताला चिकटता कामा नये. आणि पंधरा दिवस डब्यात राहून वाकता कामा नये. वाकली म्हणजे आत ओल आहे, आणि आत ओल आहे म्हणजे भाजणारीनं घाई केली.

या दुकानातल्या ज्वारीच्या भाकऱ्या मी दोन पाकिटं आणल्या, एक लगेच फोडलं, दुसऱ्यातल्या भाकऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवून एकवीस दिवसांनी काढल्या. पहिल्या पाकिटात दहातल्या आठ एकदम फर्स्ट क्लास. पातळ, कडेला जराशी वर उचललेली, पांढुरकी, मधे मधे बदामी ठिपके. ज्वारी मालदांडी आहे असं बाई म्हणाल्या आणि चवीवरनं ते खरं वाटतं, गोडसर लागते, मंगळवेढ्याकडची असावी. उरलेल्या दोन भाकऱ्या मात्र मधे जाड होत्या. एकवीस दिवसांनी त्याच जातीची एक भाकरी मधोमध वाकली, मोडली नाही. अर्धा स्टार तिथं गेला.

बायकोला वाटलं मी फार कीस काढतोय. पण जाड-पातळ हा विषय माझ्यासाठी साधा नाही, त्यावर मी शिव्या खाल्ल्यात.

आमचं इंजिन डब्ल्यूजी. मालगाडीसाठीचं ब्रॉडगेजचं इंजिन, देशभर हेच दिसायचं, चोवीसशेच्या वर बनली, आणि चित्तरंजनच्या कारखान्यातनं शेवटचं १९७० ला बाहेर पडलं, त्याचं नावच अंतिम सितारा. बॉयलरचं प्रेशर चौरस इंचाला २१० पौंड. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या डब्यात, १८ टन कोळसा आणि ५,००० गॅलन पाणी. आणि ज्यावर आग पसरायची ती जाळी ४५ चौरस फुटाच्या आसपास, म्हणजे आमच्या चाळीतलं स्वयंपाकघर त्याहून फार मोठं नव्हतं. एवढ्या मोठ्या चुलीत, हलत्या गाडीत, हातभर तोंडातनं फावड्यानं कोळसा मारायचा, आणि तो पण नुसता ढकलायचा नाही, बरोबर जिथं पाहिजे तिथं पडला पाहिजे.

पहिल्या महिन्यात मी काय करायचो, दम आहे अंगात म्हणून एकदम दहा-बारा फावडी मधोमध ओतायचो आणि घाम पुसत बसायचो. बाहेर चिमणीतनं काळाकुट्ट धूर. आमचे उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, वाडीकडचे चाचा होते, कानडी-उर्दू-मराठी सगळं एकाच वाक्यात बोलायचे, त्यांनी रेग्युलेटरवरचा (वाफ सोडायच्या दांड्यावरचा) हात न काढता म्हणलं, बेटा धूर बघ, तुझा पगार चाललाय वर. त्या काळ्या धुराचा अर्थ असा की कोळशातला जळणारा गॅस न जळताच निघून जातोय. मधे ढीग झाला की खालनं हवा येत नाही, ढीग वरनं काळा आणि खालनं राखेचा गोळा, कडेला आग पातळ होऊन भोकं पडतात, भोकातनं थंड हवा घुसते, प्रेशरचा काटा १९०, १७५, १६० असा उतरायला लागतो, आणि पुढं चढ असला की झालंच कल्याण.

खरी पद्धत अशी की थोडं थोडं आणि सारखं सारखं. कोळसा मुठीएवढा फोडलेला, हे फोडायचं आणि टेंडरमधनं पुढं ओढायचं काम सेकंड फायरमनचं. सहा-सात किलोचं एक फावडं मागच्या कोपऱ्यात, एक दुसऱ्या कोपऱ्यात, मग दोन्ही बाजूंना, पुढं विटांच्या कमानीखाली एकदम थोडा, मधला भाग जवळजवळ आपोआप भरतो. मधे मधे दार लावायचं, उघडंच ठेवलं तर थंड हवा थेट बॉयलरच्या नळ्यांवर. धूर फिका करडा दिसला म्हणजे आग बरोबर. आत बघायचं तर उजेडानं डोळे दिपतात, म्हणून फावडं उलटं करून तोंडात धरायचं, त्यावरनं हवा वळते आणि आगीत नेमकं कुठं खड्डा पडलाय ते दिसतं. ही युक्ती चाचांनी मला दोन महिन्यांनी दाखवली, आधी नाही, कारण तोपर्यंत मी तिच्या लायकीचा नव्हतो म्हणे.

आणि आगीइतकंच पाण्याकडं लक्ष. गेज ग्लासात (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि पार वर पण भरायचं नाही, वर भरलं तर पाणी वाफेबरोबर सिलेंडरमध्ये जातं. इंजेक्टर ही तर मला आजपण जादू वाटते, बॉयलरचीच वाफ घेऊन त्याच बॉयलरच्या प्रेशरविरुद्ध गार पाणी आत ढकलणारं यंत्र, फिरणारा पार्ट एक नाही, आणि नीट लागला की शिट्टीसारखा बारीक गातो. गाणं तुटलं की समजायचं पाणी पकडलं नाही. एकदा उतारावर लागलो आणि ग्लासातलं पाणी एकदम खाली गेलं, माझ्या पोटात गोळा. उतारावर पाणी पुढच्या अंगाला सरकतं, फायरबॉक्सचं डोकं, म्हणजे वरचं छत, मागच्या बाजूनं उघडं पडू शकतं, तिथं शिशाचा प्लग बसवलेला असतो, पाणी नसलं की तो वितळून वाफ आगीवर सुटते. चाचांनी इंजेक्टर लावला, पाणी परत दिसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि नंतर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं मी घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं. मधे ढीग करायचा नाही, पातळ थर, थोडं थोडं घालायचं, धूर झाला की चुकलं. ती चुलीपुढं कडक भाकऱ्याच करत होती. तव्यावर भाजून झाली की ती भाकरी चुलीच्या कडेला उभी टेकवून ठेवायची, निखाऱ्याच्या नुसत्या धगीवर तासभर, मधनंमधनं फिरवायची, सगळी ओल निघेपर्यंत. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हंजे रेल्वेत जाऊन पण चुलीपुढंच बसलास की रं तू. आणि सरपणाची एक काटकी उचलून आत सारली. एकच.

तर जाड भाकरी ओळखायची नजर मला अशी दोन बाजूंनी आलीय. मधे जाड राहिली की कडा करपायला लागल्या तरी पोट ओलंच, अगदी माझ्या त्या पहिल्या महिन्यातल्या आगीसारखी. या दुकानात भाकऱ्या भाजून झाल्यावर गॅसच्या तव्यावरच दाबून कडक करतात, उभ्या करून वाळवत नाहीत, मी डोकावून बघितलं. त्यानं वेळ वाचतो हे मान्य, रोजच्या ऑर्डरी असतात त्यांच्या, पण दहातल्या दोन-तीन फसतात त्या त्याच्यामुळं.

बाजरीची थोडक्यात सांगतो. वर तीळ लावलेत, छान दिसते, खायला खुसखुशीत, पण बाजरीला मुळातच कडवटपणा लवकर येतो, एकवीस दिवसांनी जरासा आलाच. आठ-दहा दिवसांत संपवणार असाल तरच घ्या, आणि थंडीत घ्या. आमटीत कुस्करून मात्र ज्वारीपेक्षा ही भारी.

आता चटणी. शेंगा चटणी कशी पाहिजे हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको पण बाहेरचे पण वाचतात म्हणून लिहितो. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, आणि उखळात कुटलेली. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, चटणी ओलसर होऊन तिचा गोळा होतो, बोटांनी दाबली की बोटाचे ठसे उमटतात. मिक्सरला लावली की पावडर होते, तेल आतच राहतं, आणि खाताना टाळ्याला चिकटून ठसका लागतो. यांची मिक्सरची आहे. बाई म्हणाल्या डंकावर (कुटायच्या यंत्रावर) कुटलीय, मी काही बोललो नाही, पण ठसे उमटेनात. शिवाय साखर आहे. थोडी आहे, पण आहे. कुणासाठी घालतात ही साखर? चव वाईट अजिबात नाही, तिखट आणि रंग चांगला, लसूण कमी. वरनं करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं कच्चं तेल घालून, कांदा फोडून खाल्ली तर कुणाला कळणार पण नाही, म्हणून साडेतीन.

इंजिनावर खायची पद्धत वेगळी होती, ती पण सांगून टाकतो. लूपमध्ये गाडी लागली, आग जरा बसवली, की फावडं इंजिनाच्या गरम पाण्याच्या पाइपखाली धरून लख्ख धुवायचं. वाफेच्या पाण्यानं धुतलेलं फावडं आमच्या घरातल्या ताटापेक्षा स्वच्छ असायचं, हसू नका. त्यावर हिरव्या मिरच्या, कांदा, शेंगा, हुरड्याच्या दिवसांत रुळाशेजारच्या रानातनं मागून आणलेली कणसं, आणि फावडं नुसतं फायरबॉक्सच्या दाराशी धरायचं, आत नाही. मिनिटाभरात भाजून तयार. कडक भाकरी पण अशी एकदा गरम करायला गेलो, पण गाडी नुकतीच सुटत होती, चाचांनी रेग्युलेटर उघडला, चिमणीतनं झपकन ओढ लागली आणि भाकरी फावड्यावरनं पतंगासारखी उडून सरळ आगीत. दुसरी ठेवली, ती पण गेली. चाचा म्हणाले, लक्ष्मी आहे इंजिन, तिला पण भूक लागते, आता आपलं चटणी-कांदा खा. त्या दिवशी तेवढंच खाल्लं.

कडक भाकरीचा अजून एक गुण म्हणजे हात. कोळशाचे काळे हात साबणानं पण निघत नाहीत, वेस्टनं पुसून तसंच बसायचो, भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यालाच चमचा करून चटणी उचलायची आणि बोटं लागलेली कड टाकून द्यायची. मऊ भाकरीला हे जमत नाही. दुकानातल्या भाकरीचा चमचा होतो का, हे मी घरी बसून करून बघितलं, नातू व्हिडिओ काढत होता. होतो. चटणी दाट असती तर अजून नीट झाला असता.

पॅकिंगबद्दल मात्र रागच आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, वर स्टेपलरची पिन, बस्स. सोलापुरात हातात घेऊन घरी जाणाऱ्याला चालेल. मी एक पाकीट पुण्याला मुलाकडं कुरियरनं पाठवलं (कुरियरवाल्याचं नाव घेत नाही, सगळे सारखेच), तिथं पोचेपर्यंत दहा भाकऱ्यांचा चिवडा झालेला. सूनबाईनं फोन करून विचारलं, बाबा, हे वरनं दूध घालून खायचं असतं का. दह्यात कालवून खाल्ला त्यांनी, आवडला म्हणे, पण तो मुद्दा नाही. जाड कागदाचा साधा डबा केला, मधे कागदाच्या चकत्या घातल्या, तरी भागेल, पाच-दहा रुपये जास्त घ्या की, कोण नाही म्हणतंय.

पुढच्या वेळेला मी स्वतःच घेऊन गेलो, वंदे भारतनं. सोलापूरहून २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती, मुलगा तिकीट काढून देतो. गाडी चांगली आहे, तक्रार नाही, पण काच उघडत नाही आणि डब्यात एवढी शांतता की मी भाकरी मोडली तर पुढच्या तीन रांगांनी मागं वळून बघितलं. तो टक् आवाज, सांगितलं ना वर. शेजारच्या सीटवरच्या पोराला एक दिली, कानात बोंडं घातलेली, त्यानं एक काढून विचारलं, अंकल हे हेल्दी आहे ना. हो म्हणलं. मधे कुर्डुवाडी गेली, केम गेलं, जेऊर गेलं, आमच्या वेळेला यातल्या एकेका स्टेशनात आम्ही दाढी करून, आंघोळ करून, कपडे वाळवून घेतलेत, इथं चटणीची डबी उघडेपर्यंत मागं पडतात.

परत आल्यावर दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं, कारण नुसतं इथं लिहून पळून जाणं बरं नाही. भाकरी मधे जाड राहते बाई, कडेनं थापत चला, मधलं आपोआप होतं. त्यातल्या वयानं मोठ्या होत्या त्यांनी परातीतला पिठाचा गोळा माझ्याकडं सरकवला. काका, बसा की, दाखवा थापून. बाकीच्या दोघी हात थांबवून बघायला लागल्या. आता माघार कशी घेणार, बसलो, पाण्याचा हात लावला, थापायला लागलो. कडेनं पातळ, मधे पातळ, सगळं बरोबर चाललं होतं, उचलताना अर्धी हातात आली आणि अर्धी परातीत. जोडून तव्यावर टाकली. भाजल्यावर तिचा आकार असा काही झाला की एकीनं विचारलं, हा कुठला जिल्हा काका.

ती पण त्यांनी कडक करून पाकिटात घातली, अकरावी म्हणून, पैसे घेतले नाहीत. मधे अजिबात जाड नव्हती. मंगळवारी दुकान बंद असतं, सकाळी दहाच्या आत गेलात तर ताजी मिळते, आणि चटणी घेताना बिनसाखरेची पाहिजे म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा, करून देतात.